टेलचं पाणी: सोमालियापासून जळोचीपर्यंत

गावाच्या नावातच ‘जळ’ असलं की पाण्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. बारामतीजवळच्या जळोचीच्या उपबाजारात पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या उतरत असतात, तेव्हा भावाइतकीच चर्चा पाण्याची असते. भाटघर किती टक्के? वीरमधून किती सोडलं? आवर्तन कधी सुटणार, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोचणार का? क्युसेक आणि टीएमसी हे शब्द बारामती-इंदापुरात पायली-मणाइतके घरचे झाले आहेत.

भाटघर धरणात पाणी येतं पावसाचं. पाऊस येतो अरबी समुद्रावरून. आणि त्या समुद्रातही कालवे आहेत. त्यांना भराव नाही, दरवाजे नाहीत, पाटकरी नाही. पण आपल्या कालव्यांच्या हजारो-लाखो पट पाणी ते वाहून नेतात. हे सागरी प्रवाह कधी उधाणतात, कधी रेंगाळतात, काही तर हंगाम बदलला की चक्क उलटे वाहतात. त्यांची पाळी चुकली की आपलीही चुकते. म्हणजे पाण्याच्या या महाकालव्यावर आपण सगळे टेलचे शेतकरी आहोत. टेलच्या शेतकऱ्याने अधूनमधून हेडपर्यंत जाऊन यावं. चला, निघू.

१. आपलं माप, समुद्राचं माप

धरणाचं पाणी आपण टीएमसीत मोजतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. समुद्राच्या प्रवाहांचं माप आहे स्वेर्ड्रुप: दर सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. हॅराल्ड स्वेर्ड्रुप या नॉर्वेच्या समुद्रशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं आहे. आपल्या भाषेत एक स्वेर्ड्रुप म्हणजे सुमारे ३ कोटी ५३ लाख क्युसेक.

सांडव्यावरून ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला, तर चोवीस तासांत एक टीएमसी पाणी जातं. एक स्वेर्ड्रुपचा प्रवाह तेवढंच पाणी २८ सेकंदांत देतो. बाटलीभर पाणी पिऊन होईपर्यंत एक टीएमसी!

२. उजनी किती वेळात भरेल?

उजनी धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास. पावसाळा चांगला झाला तरी ती भरायला आठवडे लागतात. आता समुद्राची ताकद पाहा.

• जगातल्या सगळ्या नद्यांचं पाणी एकत्र केलं तर ते सुमारे १.२ स्वेर्ड्रुप होतं. उजनी भरायला पाऊण तास.

• इंडोनेशियाच्या बेटांमधून प्रशांत महासागराचं पाणी हिंद महासागरात येतं, ते सुमारे १५ स्वेर्ड्रुप. पावणेचार मिनिटं.

• दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याने धावणारा अगुल्हास प्रवाह सुमारे ७५ स्वेर्ड्रुप. पाऊण मिनिट.

• अंटार्क्टिकाभोवती फिरणारा प्रवाह जगात सर्वांत मोठा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार १७३ स्वेर्ड्रुप. १९ सेकंद.

नीरा खोऱ्यातली भाटघर, नीरा देवघर, वीर आणि गुंजवणी ही चार धरणं मिळून ४८.३३ टीएमसी पाणी साठवतात. अनेक तालुक्यांचं वर्ष ज्या आकड्यावर ठरतं, तो अंटार्क्टिकाच्या प्रवाहाचा आठ सेकंदांचा हिशेब आहे.

३. हंगाम बदलला की उलटा वाहणारा कालवा

नीरा डावा कालवा उन्हाळ्यात पूर्वेकडे आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे वाहू लागला तर? सोमालियाच्या किनाऱ्यावर नेमकं हेच होतं. सोमाली प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की उत्तरेकडे उलटतो. ऐन पावसाळ्यात त्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरपर्यंत जातो, म्हणजे ताशी बारा किलोमीटरच्याही वर. काठाने माणूस धावत सुटला तरी त्याची दमछाक होईल. शेजारीच चारशे-पाचशे किलोमीटर रुंदीचा एक प्रचंड भोवरा तयार होतो. त्याची जागा, आकार आणि मुक्काम दरवर्षी वेगळा.

हे उलटणं जुन्या दर्यावर्दींना पक्कं ठाऊक होतं. नवव्या शतकातल्या इब्न खुर्दादबिह या लेखकाने हिंद महासागराचं पाणी उन्हाळ्यात एका दिशेला आणि हिवाळ्यात दुसऱ्या दिशेला वाहतं, अशी नोंद केली आहे. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही आपली बंदरं आहेत, पैठण आणि तेर या घाटावरच्या बाजारपेठा आहेत. मोसमी वाऱ्यांवर शिडं सोडून येणाऱ्या जहाजांमुळे घाटावरचा माल रोमपर्यंत पोचत होता.

४. वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे

फ्रिटयॉफ नान्सेन हा नॉर्वेचा संशोधक १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत ‘फ्राम’ नावाच्या जहाजातून उत्तर ध्रुवाच्या बर्फात वाहत गेला. तिथे त्याला दिसलं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, उजवीकडे कलून जातो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं होतं, हे गणित व्हॅग्न एकमन याने १९०५ साली मांडलं. उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी एकंदरीत वाऱ्याच्या उजव्या हाताला, थेट काटकोनात सरकतं.

आता सोमालियाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वारा किनाऱ्याला समांतर, ईशान्येकडे. पाणी मात्र उजवीकडे, खोल समुद्राकडे. किनाऱ्याजवळ रिकामी झालेली जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही, तिथलं पाणी २० अंशांच्या खाली उतरतं.

५. तिकडचं पाणी गार, इकडे पावसाला कात्री

या गार पाण्याशी आपल्या घाटावरच्या पावसाचं थेट नातं आहे. गार पाण्याची वाफ कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर मोसमाच्या सुरुवातीला गार पाणी कमी वर आलं, तर पश्चिम अरबी समुद्र जास्त उबदार राहतो, वाफ जास्त होते आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढतो. उलट झालं तर घटतो.

भाटघरचं पाणलोट क्षेत्र सह्याद्रीच्या त्याच पट्ट्यात आहे. बारामतीत स्वतःचा पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बागायती पट्ट्यातला ऊस उभा राहतो तो भोरच्या डोंगरात पडलेल्या पाण्यावर. तेव्हा भोरचं आभाळ आणि सोमालियाचा किनारा यांच्यामधला धागा आपल्या उसाच्या सरीतून जातो.

६. डोक्यावरून वाहणारी नदी

समुद्रावरची वाफ आपोआप चालत येत नाही. तिला आणायला हवेतलाही एक कालवा आहे. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून वाऱ्याचा एक झोत विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांना घासून वळतो आणि अरबी समुद्र पार करून कोकणावर आदळतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर याने १९६९ साली त्याची वाट नीट उलगडली, म्हणून तो फिंडलेटर झोत. जोर असेल तेव्हा तो ताशी नव्वद किलोमीटरने वाहतो.

आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट अशी, की भारताच्या द्वीपकल्पावरचा हा झोत पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी त्याआधीच, १९६६ साली, नोंदवला होता.

७. पावसाचं पाणी नेमकं कुठलं?

या प्रश्नावरून पुण्यात एक सुंदर वैज्ञानिक वाद उभा राहिला. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आजची पाषाणची आयआयटीएम, १९६२ साली सुरू झाली. तिचे पहिले संचालक पी. आर. पिशरोटी यांनी १९६५ साली मांडलं, की आपल्या पावसाचं बहुतेक पाणी अरबी समुद्राच्याच वाफेचं असतं. पुढे जास्त मोजमापं हाती आली, तेव्हा चित्र पालटलं. सुमारे ७० टक्के बाष्प विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून येतं आणि उरलेल्यात अरबी समुद्र भर घालतो, असा हिशेब निघाला. हा वाटा वर्षावर्षाला कमीजास्त होतो.

पिशरोटींचा प्रश्न अचूक होता, म्हणूनच पुढच्यांना उत्तर शोधता आलं. मृगाच्या सरीत भिजताना अंगावर पडणाऱ्या थेंबांतले बरेचसे मादागास्करच्या बाजूने आले आहेत, हे कळलं की पाऊस आणखीच जवळचा वाटतो.

८. वर्षात दोन आवर्तनं

कालव्याला जशी रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं, तशी हिंद महासागरालाही आहेत! दोन मोसमांच्या मधल्या काळात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विषुववृत्तावरून पश्चिम वारे वाहतात आणि समुद्राच्या पृष्ठभागावर एक वेगवान प्रवाह सुटतो. तो आफ्रिकेकडचं उबदार पाणी सुमात्राकडे घेऊन जातो. क्लाउस विर्त्की या शास्त्रज्ञाने १९७३ साली तो दाखवून दिला, म्हणून त्याला विर्त्की झोत म्हणतात. वेग सेकंदाला मीटरभर.

काही वर्षी मात्र शरदातलं आवर्तन कमकुवत पडतं, कधी जवळजवळ सुटतच नाही. मग उबदार पाणी पश्चिमेलाच तुंबतं. आणि इथून पुढची गोष्ट रंगतदार होते.

९. महासागराचा तराजू

१९९७ साली प्रशांत महासागरात प्रचंड एल निनो होता; त्याची ओळख पुढे येईलच. सगळ्यांना दुष्काळाची धास्ती. प्रत्यक्षात भारतात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. कसा काय?

उत्तर १९९९ साली मिळालं. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांनी ‘नेचर’ नियतकालिकात हिंद महासागराचा स्वतःचा तराजू दाखवला: इंडियन ओशन डायपोल, म्हणजेच बातम्यांमधला आयओडी. आफ्रिकेकडचं पाणी उबदार आणि सुमात्राकडचं गार झालं की आयओडी धन. त्याने बहुधा आपल्या पावसाला हात मिळतो. उलट झालं की ऋण. १९९७ साली हा तराजू जोरात आपल्या बाजूने झुकला होता. त्या चौघांतले भूपेंद्रनाथ गोस्वामी पुढे पुण्याच्या आयआयटीएमचे संचालक झाले.

दोन महासागरांचे तराजू एकाच वेळी हलतात. कधी एकमेकांना सावरतात, कधी दोघेही एकाच बाजूला पडतात. मोसमाचा अंदाज अवघड असण्याचं एक मोठं कारण हेच.

१०. २०१९: टँकर आणि पूर एकाच वर्षात

२०१८ च्या दुष्काळाने बारामतीचा जिरायती पट्टा होरपळला होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पुरंदर भागात पावसाने कहर केला. नाझरे धरणातून मोठा विसर्ग झाला आणि एरवी कोरडी दिसणारी कऱ्हा नदी बारामतीत काठ सोडून वाहिली. नदीकाठच्या माणसांना रातोरात हलवावं लागलं.

त्या वर्षी आयओडी नोंदींतल्या सर्वांत बलवान धन आयओडींपैकी एक होता. देशात सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या दीडपट झाला, मोसमी पावसाची माघार थेट ९ ऑक्टोबरला सुरू झाली आणि अरबी समुद्रात वर्षभरात पाच चक्रीवादळं उठली. एका गावचा एक पूर एकट्या आयओडीच्या खात्यावर टाकता येत नाही. ढग कुठे फुटेल, हे स्थानिक गोष्टींवरही ठरतं. पण आभाळात पाणी भरून ठेवणारा समुद्र त्या वर्षी वेगळाच तापला होता, हे नक्की.

११. एल निनो हे मुळात प्रवाहाचं नाव

पेरूच्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास किनाऱ्याने येणारा उबदार पाण्याचा प्रवाह ठाऊक होता. त्याला त्यांनी बाळ येशूचं नाव दिलं: एल निनो. आज जगभरच्या शेतकऱ्यांना धडकी भरवणारा शब्द मुळात एका लहानशा प्रवाहाचा आहे.

नेहमीच्या वर्षी पूर्वेकडून येणारे वारे प्रशांत महासागराचं उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिथे समुद्राची पातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते! या उंचीच्या दाबाने पाणी मकास्सर आणि लोंबोकसारख्या सामुद्रधुन्यांतून हिंद महासागरात उतरतं. मुख्य कालव्यातून चारी फुटावी, तशी ही चारी. एल निनोत वारे पडतात, पश्चिमेची पातळी उतरते आणि चारीचं पाणी घटतं. उलट अवस्थेत, म्हणजे ला निनात, पुन्हा वाढतं.

१९७२ साली एल निनो होता आणि देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७६ टक्क्यांवर थांबला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी खडी फोडत काढला, त्यांना आकड्याची गरज नाही. २०२३ सालीही एल निनो होता. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. काही महिन्यांत, ऑगस्ट २०२४ मध्ये, तीच उजनी भरून वाहिली.

१२. समुद्र बिघडला, कालवा जन्मला

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनच्या इतिहासातला अत्यंत भीषण काळ. लाखो माणसं गेली, गावंच्या गावं उठली. त्या वर्षांत महासागर पार उलटेपालटे झाले होते: १८७७-७८ चा एल निनो नोंदींतल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक मानला जातो आणि १८७७ सालीच हिंद महासागरातला तराजूही जोरात हलला होता. या वेळी मात्र त्याने आपल्याला सावरलं नाही.

अशा दुष्काळापासून संरक्षण म्हणून उभारलेला नीरा डावा कालवा १८८५ साली वाहता झाला आणि त्याच्या पाठीशी भाटघरचं धरण उभं राहिलं. बारामती-इंदापूरची जमीन जिरायत आणि बागायत अशी जी दुभंगली, ती या कालव्याच्या रेषेवर. आज एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ज्वारी-बाजरी दिसते, त्या नकाशाची एक रेघ दीडशे वर्षांपूर्वीच्या समुद्राने ओढलेली आहे.

पुढे १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मोसमाचं कोडं सोडवू पाहत होते. जगभरच्या हवादाबाच्या नोंदी ते ताडून बघत. त्यातून त्यांना प्रशांत आणि हिंद महासागरावरच्या हवादाबाचा झोका सापडला. एल निनोच्या कोड्यातला तो अर्धा तुकडा. भारतातला पाऊस का हुकतो, या प्रश्नाने जगाच्या हवामानशास्त्राला केवढी दिशा दिली!

१३. चार ते पस्तीस

प्रवाह किती बदलता असतो, याचं सर्वांत थक्क करणारं उदाहरण अटलांटिक महासागरातलं. तिथे वरून उबदार पाणी उत्तरेला जातं आणि खालून गार पाणी दक्षिणेला परततं. १९५७ पासून जहाजांनी ते फक्त पाच वेळा मोजलं होतं. त्यावरून २००५ साली निष्कर्ष निघाला, की प्रवाह ३० टक्क्यांनी मंदावला. जगभर खळबळ.

पण २००४ च्या एप्रिलपासून बहामा ते आफ्रिका अशी मोजणी यंत्रांची रांग समुद्रात सलग उभी होती. तिने पहिल्याच वर्षात काय दाखवलं? प्रवाह एका वर्षात ४ स्वेर्ड्रुपपर्यंत उतरला आणि ३५ पर्यंत चढला! उजनी एकदा चौदा मिनिटांत भरेल, एकदा दीड मिनिटात. पाच वेळच्या मोजणीवर पन्नास वर्षांचा निकाल लावता येत नाही, हा धडा मिळाला.

आपल्याकडे याला उदाहरण नको. चारीवर एक दिवस पाणी बघून आवर्तन कसं गेलं, हे कोणता शेतकरी सांगेल?

१४. गोव्याच्या किनाऱ्याला दूरचा निरोप

आपल्या कोकण-गोवा किनाऱ्यालगतचा प्रवाहही हंगामी. पावसाळ्यात तो दक्षिणेला, हिवाळ्यात उत्तरेला जातो. पण हिवाळ्यात तो तिथल्या मंद वाऱ्याच्या विरुद्ध जातो. असं कसं?

हे कोडं गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडत नेलं. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी समुद्राला दिलेला धक्का लाटेच्या रूपाने पूर्व किनाऱ्याने खाली उतरतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पश्चिम किनाऱ्याने वर चढतो. म्हणजे विशाखापट्टणमचा वारा पणजीचं पाणी हलवतो!

ही संस्थाही एका मोठ्या मोहिमेतून जन्माला आली. १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली, तीत भारतीय नौदलाचं ‘किस्तना’ हे जहाज समुद्र मोजत फिरलं. मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी संस्था स्थापन झाली.

१५. खेळणी आणि दगड

प्रवाह पाहायचा तर तरंगणारी वस्तू हवी. १० जानेवारी १९९२ रोजी प्रशांत महासागरात एका मालवाहू जहाजावरचे कंटेनर वादळात पडले आणि २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी मोकळी झाली. पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. ती अलास्कापासून कुठे कुठे किनाऱ्याला लागली, यावरून शास्त्रज्ञांनी प्रवाहांचे नकाशे ताडून पाहिले.

हिंद महासागराने हे काम शतकभर आधी दगडांवर केलं होतं. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्यातून निघालेला सच्छिद्र, तरंगणारा दगड इंडोनेशियापासून वाहत वाहत पार आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला.

१६. समुद्राचे पाटकरी

पाटकरी जसा कालव्यावर फिरून पाणी बघतो, तसे जगाच्या समुद्रांत जवळपास चार हजार यांत्रिक पाटकरी फिरतात. त्यांचं नाव आर्गो. प्रत्येक नळकांडं एक किलोमीटर खोलीवर वाहत राहतं. दर दहा दिवसांनी ते दोन किलोमीटर खोल बुडी घेतं आणि वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतं. पृष्ठभागावर आलं की उपग्रहाला आकडे कळवतं आणि पुन्हा खाली. भारताचे आर्गो हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सोडते.

पावसाचा अंदाज चुकला की आपण चिडतो. पण तो अंदाज अधिक चांगला होण्यामागे खारट अंधारात वर्षानुवर्षं बुड्या मारणारी ही यंत्रं आणि त्यांचे आकडे तपासत बसलेली माणसं आहेत. त्यांच्यावरचा प्रत्येक रुपया टेलच्या शेतापर्यंत पोचतो.

१७. तापलेला अरबी समुद्र

आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारण: अरबी समुद्र तापला आहे आणि तिथून येणारे बाष्पाने भरलेले वारे आता एकसारखे न राहता उसळ्या मारत येतात. एकूण पाऊस फार वाढलेला नाही. तो थोड्या दिवसांत, घाईघाईने पडतो. शेताला हवा असतो वाफसा, मिळतो लोंढा.

२०२५ चा मे आठवा. मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच आला, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात. रोहिणीतच बारामती-इंदापूर जलमय झालं आणि ज्या कालव्याकडे उन्हाळाभर पाण्यासाठी डोळे लावायचे, तो नीरा डावा कालवाच पावसाच्या पाण्याने बारामतीजवळ फुटला. १८८५ च्या कालव्याला १८८५ चा समुद्र माहीत होता. आजचा समुद्र वेगळा आहे. आपले भराव, सांडवे, ओढे आणि पिकांच्या तारखा त्याप्रमाणे बदलल्या पाहिजेत, आणि तेही लवकर.

१८. कऱ्हेचं पाणी परत फिरतं

आता शेवटची आणि सर्वांत लाडकी गोष्ट. कऱ्हेचं पाणी बारामतीवरून पुढे सोनगावला नीरेला मिळतं. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, भीमेत जाते. भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. धरणं आणि शेतं भागवून जे उरेल, ते पश्चिमेच्या समुद्रावरून आलेलं पाणी पूर्वेच्या समुद्रात उतरतं.

तिथे ते थांबत नाही. पावसाळ्यात गंगा-ब्रह्मपुत्रेसह सगळ्या नद्या उपसागरात गोडं पाणी ओततात. ऑक्टोबरपासून भारताच्या पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेला वळतो आणि हे कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात आणतो. पावसाळ्यात अरबी समुद्राचं खारं पाणी उपसागराकडे गेलेलं असतं. दोन समुद्रांमधली ही परतफेड.

आणि हे गोडसर पाणी काय करतं? ते हलकं असतं, खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, केरळजवळच्या समुद्रावर पातळ थरासारखं पसरतं. एप्रिल-मेच्या उन्हात हा थर झपाट्याने तापतो आणि तीस अंशांच्या वर जातो. काही वर्षी इथेच तो भोवरा जन्मतो, ज्याच्या पाठीवरून मोसमी पाऊस केरळात पाऊल टाकतो.

म्हणजे भाद्रपदात जळोचीच्या रानातून ओढ्यात उतरलेलं आणि समुद्रापर्यंत पोचलेलं थोडंसं पाणी पुढच्या ज्येष्ठातल्या पावसाची चूल पेटवायला हातभार लावत असतं. ज्याला आपण टेल समजत होतो, तिथूनच पुढचं पाणी सुटतं. भाटघर किती टक्के भरलं, हे विचारतो तितक्याच आपलेपणाने आयओडी किती आहे, हेही जळोचीच्या बाजारात विचारलं जावं. तोही आपल्याच कालव्याचा आकडा आहे.